नमुन्याबरहुकूम चेन

मी टॉवेल नापास करून पोट भरतो. सोलापूरजवळच्या चिंचोळी एमआयडीसीतल्या एका कारखान्यात, तपासणी खात्यात, खिडकीजवळचं टेबल माझं. टेबलावर काच, काचेखाली ट्यूबलाइट, उजव्या हाताला मोजपट्टी आणि डाव्या हाताला लाल खडू. टॉवेल आला की मी तो नमुन्याशेजारी पसरतो, लांबी बघतो, रुंदी बघतो, काठ बघतो आणि कमी भरला की लाल फुली मारतो. अठरा वर्षं हेच चाललंय. या कामानं माणसाला दोन विकार जडतात. पहिला मानेचा. दुसरा असा, की स्वतः सोडून जगातली प्रत्येक वस्तू कमी भरते असं वाटायला लागतं.

हॉटेलात डोसा आला की मी वीत लावून बघतो. पडदे शिवून आणले की आधी टेप काढतो. माझी बायको सांगोल्याकडची, तोंडानं फटकळ. ती म्हणते, "भाकरीवर तेवढी फुली मारायची राहिलीय बघा. मारा की, म्हंजे मी बी सुटले."

तर असा हा तपासनीस, आणि त्याच्या हातात धाकट्या बहिणीची गाडी पडली.

धाकटी माझ्याहून नऊ वर्षांनी लहान, पुण्यात नोकरीला. स्वतःच्या पगारातून तिनं एक जुनी, छोटी, लाल गाडी घेतली. दिसायला साधी, पण पोटात दांडगं इंजिन. पाय जरा दाबला की पाठ सीटला चिकटते आणि जेवलेलं आठवतं. ही गाडी तिनं हौसेनं फिरवायला घेतलेली नव्हती. मोकळ्या मैदानात शंकू मांडतात, एकेका गाडीला एकटीला सोडतात, शंकू न पाडता वळणं घेत जो कमी वेळात परत येतो तो जिंकतो, अशा शर्यती असतात. दोन वर्षं ती नुसती बघायला जात होती. उन्हात उभी राहून दुसऱ्यांच्या वेळा वहीत लिहून आणायची. यंदा पहिल्यांदा स्पर्धकांच्या यादीत तिचा नंबर लागला होता. ती यादी तिनं मला मोबाइलवर पाठवली, मी पाहिली असेल-नसेल म्हणून परत पाठवली, आणि मग फोन करून विचारलं, "दादा, पाहिलीस?"

शर्यतीला तीन आठवडे होते तेव्हा ती एका बारशासाठी सोलापूरला आली. दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी चालू केली तर बॉनेटखालून आवाज आला. पत्र्याच्या डब्यात खिळे टाकून हलवावा तसा. तीन-चार सेकंद, मग बंद. मी म्हणालो, "थंडीनं असेल." मला गाड्यांतलं काही कळत नाही; पण काही न बोलता उभं राहणं मला जमत नाही.

तिनं माझं ऐकलं नाही. गाडी थेट विजापूर रोडच्या आतल्या गल्लीत उस्तादांकडे नेली. उस्ताद म्हणजे साठीचे मिस्त्री. आमच्या वडिलांची स्कूटर त्यांच्याच हाताखाली म्हातारी झाली. त्यांनी लांब पान्याचं एक टोक इंजिनाला लावलं, दुसरं कानाला, आणि डॉक्टरसारखे डोळे मिटले.

"चेन लांबली," ते म्हणाले. "टायमिंग चेन. हिला घेऊन पुण्याला जाऊ नक्को, बेटा."

इंजिनाचा वरचा दांडा आणि खालचा दांडा यांची चाल जुळवून ठेवते ती ही चेन. खाली पिस्टन वर येतो तेव्हा वरची झडप बंद असायला हवी. चेन सैल पडून एखादा दाता सुटला तर पिस्टन जाऊन झडपेवर आपटतो, आणि मग इंजिन इंजिन राहत नाही, भंगार होतं. हे उस्तादांनी दोन मुठी एकमेकींवर आपटून दाखवलं. धाकटीला ते माहीत होतं. मुठी माझ्यासाठी होत्या.

ती रेल्वेनं परत गेली. स्टेशनवर मी खिडकीशी उभा होतो. ती म्हणाली, "दादा, चेन तू निवड. मला तिथून बघायला होणार नाही. पण उस्तादांना विचारल्याशिवाय काही करू नको."

"अगं, अठरा वर्षं माल तपासतोय मी."

"टॉवेल," ती म्हणाली, आणि गाडी हलली.

हा एक शब्द माझ्या डोक्यात कुसळासारखा राहिला. पुढचे आठ दिवस मी चेनशास्त्राचा अभ्यास केला. जेवणाच्या सुट्टीत डबा एका हातात, मोबाइल दुसऱ्या हातात. परदेशातले टकले लोक गॅरेजात उभे राहून चेन दाखवायचे, मी भाकरी चटणीत बुडवायची सोडून पाण्यात बुडवायचो. घरी जेवताना मी ताटाभोवती हरभऱ्याचे दाणे मांडून वरचा दांडा कुठे, खालचा कुठे ते बायकोला समजावायला लागलो. तिनं वरचा दांडा उचलून खाल्ला.

आठ दिवसांत माझ्यापुढे तीन वाटा उरल्या. पहिली, गाडीच्या कंपनीची चेन, कंपनीच्या डब्यात. ती यायला महिना लागणार होता. शर्यत त्याच्या आधी. दुसरी, इंटरनेटवरची खास शर्यतीची चेन. दुप्पट जाड, डब्यावर ज्वाळा छापलेल्या. खरं सांगतो, मी त्या ज्वाळांवर भाळलो. शर्यतीच्या गाडीला शर्यतीची चेन, यात चूक काय? तिसरी चेन साध्या खाकी खोक्यातली. गाडीच्या कंपनीला जो कारखाना चेन पुरवतो त्याचीच, फक्त खोकं त्यांचं स्वतःचं. सोबत चेनला ताणून धरणारा टेन्शनर आणि तिला वाट दाखवणाऱ्या प्लास्टिकच्या पट्ट्या, म्हणजे गाइड, असा पूर्ण संच.

मी हा सगळा अभ्यास कागदावर तक्ता करून उस्तादांकडे नेला. त्यांनी तक्ता उलटा धरला होता की सुलटा, मला कळलं नाही.

"ज्वाळावाली नक्को," ते म्हणाले. "जाड चेन म्हंजे जास्त वजन. ते वजन फिरवायचं कुणी? इंजिनानंच ना? आणि गाइड खाऊन टाकते ती. ज्यानं इंजिन केलं तो येडा नव्हता. खाकी मागवा. पूरा सेट."

अर्ध्या मिनिटात झालं. मी आठ दिवस घासलेलं त्यांनी चहाचा कप खाली ठेवता ठेवता निकालात काढलं. आता मागे वळून पाहताना वाटतं, माझी चूक तिथे सुरू झाली. चेन योग्य निवडली गेली होती, पण त्या निवडीत माझी बोटं कुठेच उमटली नव्हती. आणि कानात अजून तो शब्द होता: टॉवेल.

स्पेअर पार्टच्या दुकानदारानं पुण्याहून संच मागवला. उस्तादांनी सोमवारी इंजिन उघडून जुनी चेन काढली, कापडात गुंडाळून ठेवली आणि भाचीच्या लग्नाला अक्कलकोटकडे गेले. जाताना म्हणाले, "गुरुवारी सकाळी येतो. संच आला तर घरी ठेवा. हात नक्को लावू." मंगळवारी संच आला. शर्यत येत्या रविवारी. सगळं वेळेवर होतं. मी फक्त गप्प बसायचं होतं.

तेच तर येत नाही. मंगळवारी कारखान्याला सुट्टी होती. मी खाकी खोकं कपाटावर ठेवलं, पाच मिनिटांनी खाली काढलं. परत ठेवलं. दारापर्यंत गेलो, परत आलो. शेवटी उस्तादांच्या गॅरेजात गेलो, शेजारच्या पंक्चरवाल्याला सांगून जुनी चेन घरी आणली. म्हटलं, नवा माल आलाय, नमुन्याशी ताडून तरी बघू. ते तर आपलं काम आहे. माल दुसऱ्याचा असेल, नजर तर आपली आहे!

जेवणाच्या टेबलावर पांढरा टॉवेल अंथरला. जुनी चेन एका खिळ्याला अडकवून ताणली, तिच्याशेजारी नवी. टोकं बघितली आणि माझ्या अंगावर काटा आला. नवी चेन कमी भरत होती. करंगळीच्या नखाएवढी.

मी खिळा बदलला. कमी. चेन उलटी केली. कमी. मग कड्या मोजल्या, दोनदा. दोन्ही चेनच्या कड्या अगदी सारख्या. इथे कुठल्याही शहाण्या माणसाला थांबून विचार करावासा वाटला असता, की कड्या सारख्या आणि लांबी वेगळी, असं कसं? मलाही वाटला. मी विचार केला आणि निष्कर्ष काढला, की बनावट माल आहे. प्रत्येक कडीत केसभर लोखंड चोरलंय. आमच्या धंद्यातही असे महाभाग असतात. टॉवेलात एक-दोन धागे कमी घालतात, हाताला कळत नाही, पट्टीला कळतं.

"सापडला चोर!" मी ओरडलो.

बायको आतून आली. दोन्ही चेन बघितल्या, माझं तोंड बघितलं. "उस्तादास्नी फोन करा की."

"ते लग्नात आहेत."

"मग वन्संना करा."

"ती ऑफिसात आहे."

"मग गुरुवारपातुर गप ऱ्हावा. काय बिघडतंय?"

"रविवारी तिची शर्यत आहे! गुरुवारी उस्ताद हा बनावट माल बसवणार, आणि भर मैदानात—" मी दोन मुठी एकमेकींवर आपटल्या.

"मला नका दावू," ती म्हणाली. "त्या टॉवेलाला त्याल लागलंय, त्ये आदी धुवा."

मी खोक्यावर लाल खडूनं फुली मारली. मोठी, कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत.

बुधवारी अर्ध्या दिवसाची रजा टाकून दुकानात गेलो. दुकानदार शांत माणूस. त्यानं फुली पाहिली, मला पाहिलं. "साहेब, काय झालं?"

"माल कमी आहे. नमुन्याला जुळत नाही."

"नमुना म्हणजे?"

मी पिशवीतून जुनी चेन काढून काउंटरवर टाकली. तो म्हणाला, "अहो, जुनी चेन जी असती ना, ती—"

"मोजमाप मला शिकवू नका," मी म्हणालो. "अठरा वर्षं तेच करतोय."

त्यानं तोंड मिटलं. तो क्षण मला आजही कुठेही, अगदी दात घासताना सुद्धा आठवतो. माणूस सांगत होता. वाक्य तोंडात आलेलं होतं. मला फक्त चार शब्दांपुरतं थांबायचं होतं.

"बरं," तो म्हणाला. "तुमचा माल, तुमची मर्जी. संध्याकाळच्या पार्सलनं परत पाठवतो." मी तेवढ्यावर समाधानी झालो नाही. माझ्यासमोर बांधा म्हणालो. माझ्यासमोर बांधला, माझ्यासमोर पार्सलवाल्याकडे दिला, आणि मी पावतीवर साक्षीदारासारखी सही केली. स्वतःच्या फाशीचा दोर इतक्या टापटिपीनं कुणी विणला नसेल.

आता चेन हवी. मी जुन्या बाजारात गेलो. तिथे एक भंगारवाला मोडलेल्या गाड्यांची इंजिनं उघडून भाग विकतो. त्याच्या भिंतीवर चेन लटकत होत्या, दसऱ्याला दारोदारी झेंडूच्या माळा लटकतात तशा. मी माझा नमुना काढला. पहिली लावली, लहान. दुसरी लावली, जरा लहान. तिसरी लावली आणि जीव निवला. कडीला कडी, टोकाला टोक. वर गाडीच्या कंपनीचा शिक्का.

"एका आईची लेकरं हायती बगा," भंगारवाला म्हणाला. "साहेब, डोळा हाय तुमाला. लोक हितं येत्यात, उचलत्यात आन् जात्यात. असं ताडून बघनारं गिऱ्हाईक पयल्यांदा बघितलं."

"कमी चाललेली आहे ना?"

"लई कमी! एका म्हाताऱ्या डाक्टराची गाडी हुती. दवाखाना ते घर, घर ते दवाखाना."

मी छाती फुगवून बाहेर आलो. टेन्शनर आणि गाइड गेलेच होते परत. पण जुने तर दिसायला चांगले होते, ते चालतील. जाता जाता भंगारवाल्यानं व्यवसाय विचारला, तर मी "क्वालिटी" असं उत्तर दिलं. त्यानं मान आदरानं हलवली. त्या दिवशी तेवढीच एक मान हलली आदरानं, आणि ती सुद्धा माल खपल्यामुळे.

गुरुवारी सकाळी उस्ताद आले. मी त्यांच्या आधी गॅरेजात हजर होतो. जुनी आणि बाजारातली, दोन्ही चेन पुढे केल्या आणि सगळी हकिगत सांगितली, बनावट माल, केसभर लोखंड, जुना बाजार, कडीला कडी. मधून मधून मी थांबत होतो, त्यांना शाबासकी द्यायला जागा मिळावी म्हणून.

उस्तादांनी दोन्ही हातांत दोन चेन घेतल्या. आडव्या धरल्या, अशा, की कड्यांची कूस जमिनीकडे. दोन्ही चेन मधून खाली लोंबल्या, भिजलेल्या दोरीसारख्या.

"नयी चेन ऐसी धरी तो काठीसारखी राहते," ते म्हणाले. "ये देखो. दोनो बुढ्ढे. ये पुराना माल कां से लाए मियाँ?"

"पण उस्ताद, लांबी बरोबर जुळते."

"जुळणारच की! ही चालून चालून लांबली, ती बी चालून चालून लांबली. लांबली म्हणून तर इंजिन खोला हमने. एकेक कडी आतून घिसते, थोडी थोडी. नवी चेन हिच्यापेक्षा लांडी असायलाच पाहिजे." मग त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "एक बात बोलो. तुमच्या कारखान्यात धुतलेला टॉवेल समोर ठेवून नव्या टॉवेलाला नापास करता का?"

उत्तर माझ्या स्वतःच्या टेबलाच्या खणात पडून होतं. आमच्या खात्याचा पहिला नियम आहे, मी दर नव्या माणसाला पहिल्या दिवशी तो सांगतो. नमुना वापरायचा नसतो. नमुना कोरा असतो, प्लास्टिकच्या पिशवीत मोहोरबंद, त्यावर सही. एकदा धुतला, पुसला, वापरला की तो आटला, आणि मग तो नमुना नव्हे, फडकं. एकदा एकानं नमुन्यानं हात पुसले होते तर मी आख्ख्या खात्यासमोर त्याला झापलं होतं. आणि मी स्वतः, हजारो मैल पळालेली, तेलात उकळलेली, मरायला टेकलेली चेन नमुना म्हणून खिळ्याला टांगली, नव्या कोऱ्या चेनवर फुली मारली, आणि बाजारात फिरून तिच्यासारखीच दुसरी मरायला टेकलेली शोधून आणली. मन लावून.

"नवा संच किधर है?" उस्तादांनी विचारलं.

"पुण्याला."

ते उलट्या बादलीवर बसले. मग म्हणाले, "चहा सांगा."

दुकानदाराला फोन केला. पार्सल पुण्यात पोचलं होतं, तिथल्या माणसाच्या दुकानात पडून होतं. तो शुक्रवारी परत पाठवणार, इथे शनिवारी दुपार, कदाचित सोमवार. "कुणी तिथून उचलून आणलं तर उद्याच मिळेल," तो म्हणाला. "पुण्यात कोण आहे का तुमचं?"

होतं की. एकच माणूस होतं.

त्या गुरुवारी मी किती चाललो याचा हिशेब नाही. कारखान्यात गेलोच नाही. तलावाला एक फेरी मारली, मग दुसरी. फोन काढायचा, तिचं नाव समोर आणायचं, परत खिशात. संदेश लिहिला: "अगं, एक छोटी अडचण." खोडला. "उस्ताद म्हणतात की" असा लिहिला, आणि उस्तादांचं नाव पुढे करतोय हे वाचून स्वतःचीच लाज वाटली, तोही खोडला. मग मी योजना आखल्या. स्वतः पुण्याला जाऊन गुपचूप पार्सल आणायचं. पण दुकानाची पावती माझ्याकडे नव्हती, दुकान कुठे ते ठाऊक नव्हतं, आणि धाकटीचं ऑफिस त्याच शहरात. माझं नशीब बघता ती मला पहिल्याच सिग्नलला भेटली असती. बसथांब्यावर उभा राहिलो, बस आली, चढलो नाही. दुसरी आली. तिच्या कंडक्टरनं विचारलं, "यायचंय का नुसतं बघायचंय?"

घरी आलो तर बायको भाजी निवडत होती. मी स्वयंपाकघरातून बाहेर, बाहेरून आत.

"पायाला चाकं लावलीत का?" ती म्हणाली. "बसा."

बसलो. सगळं सांगितलं. ती हसली नाही. मला वाटलं होतं हसेल, आणि हसली असती तर बरं झालं असतं.

"त्या पोरीनं मला बी ती यादी धाडली हुती," ती म्हणाली. "दोनदा. लावा फोन."

"काय सांगू?"

"काय सांगू म्हंजे? चूक झाली म्हनून सांगा. बहीण हाय तुमची, तुमच्या कारखान्याची सायेब न्हाय. लावा. मी हितंच हाय."

लावला. एका दमात बोललो, थांबलो असतो तर परत फिरलो असतो.

"दादा," ती म्हणाली. "कड्या मोजल्या होत्यास?"

"हो."

"सारख्या होत्या?"

"हो."

"कड्या सारख्या, लांबी कमी. आणि तुला काय वाटलं?"

"बनावट."

ती म्हणाली, "पत्ता पाठव. उद्या उचलते," आणि फोन ठेवला. रागावली असती तर मी उलट काहीतरी बोललो असतो, वाद झाला असता, आणि मला बरं वाटलं असतं. तिनं ती सोय ठेवली नाही.

शनिवारी सकाळच्या रेल्वेनं ती आली. पाठीवर पिशवी, हातात खाकी खोकं. त्यावर माझी लाल फुली तशीच होती, कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत. रिक्षात ते खोकं आमच्या दोघांच्या मध्ये होतं. तेव्हाच मला कळलं ते, जे तिनं फोनवर सांगितलं नव्हतं: गाड्यांची तपासणी शनिवारी संध्याकाळी पाचपर्यंत, पुण्याबाहेरच्या मैदानावर, म्हणजे इथून चार-पाच तासांवर. ज्या गाडीवर तपासणीचा कागद चिकटला नाही ती रविवारी उतरत नाही.

"उस्ताद बारापर्यंत करतील," मी म्हणालो.

तिनं माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. "नाही करणार. करू पण नये."

दहाला काम सुरू झालं. उस्तादांनी नवी चेन आडवी धरून मला दाखवली. काठीसारखी सरळ राहिली. मला आणखी पुरावा नको होता, पण त्यांनी दाखवली. धाकटी बॅटरी धरून वाकून उभी होती. दाते, खुणा, गाइड, टेन्शनर. मला टॉवेल धरायचं काम दिलं होतं, आणि तेही मी दोनदा चुकीच्या वेळी पुढे केलं. खुणा जुळल्यावर उस्तादांनी इंजिन हातानं दोन फेरे फिरवलं आणि परत खुणा बघितल्या. मी घड्याळ बघत होतो. एक वाजला. "उस्ताद, आता तर जुळल्या की," मी म्हणालो. त्यांनी परत दोन फेरे फिरवले, बहुधा माझ्यासाठीच. झाकण, पट्टे, पाणी, तेल. साडेचार वाजून गेले तेव्हा शेवटचा बोल्ट आवळला.

पाच वाजता धाकटीनं मोबाइल बघितला. हात पुसले. मोबाइल खिशात ठेवला. एवढंच. दोन वर्षं वहीत दुसऱ्यांच्या वेळा लिहिणारी मुलगी, आणि एवढंच.

मग चावी फिरवली. डब्यात खिळे नव्हते. नुसतं इंजिन होतं. उस्तादांनी पाना कानाला लावला, डोळे मिटले आणि मान हलवली.

"माझ्यामुळे शर्यत गेली," मी बाहेर आल्यावर तिला म्हणालो.

"हो," ती म्हणाली.

मी "नाही रे दादा" याची वाट बघत थोडा वेळ उभा राहिलो. ते काही आलं नाही.

रविवारी सकाळी ती लवकर उठली. चहा पिऊन गाडी चालू केली, थंड इंजिन, एकही खडखड नाही. मग दारात उभी राहून म्हणाली, "साडेदहाला माझा नंबर होता. चल."

"कुठे?"

"तुमच्या कारखान्यामागचा प्लॉट मोकळा आहे ना? वॉचमनला सांग."

आणखी एक गोष्ट तिनं मागितली: नापास टॉवेलांचे गठ्ठे. आमच्या कारखान्यात त्यांना तोटा नाही. बहुतेकांवर माझीच फुली. वॉचमन आणि मी मिळून बारा गठ्ठे मुरमाच्या त्या पटांगणात तिनं सांगितलं तिथे मांडले, लाल फुल्या वर करून. तिनं पट्टा आवळला, काच खाली केली आणि म्हणाली, "मोबाइलवर वेळ लाव. मी निघाले की दाब, रेषा ओलांडली की दाब. मोजमाप तुझं काम."

गाडी निघाली. मी आयुष्यात असं काही पाहिलं नव्हतं. ती लाल गाडी गठ्ठ्यांच्या मधून अशी वळत होती की शिंप्याच्या हातातली सुई वाटावी, मागे धुळीचा पडदा, इंजिनाचा आवाज वर चढतोय, उतरतोय, परत चढतोय, कुठे अडखळ नाही, कुठे खडखड नाही. शेवटच्या वळणाला मागचं चाक एका गठ्ठ्याला घासून गेलं, गठ्ठा डोलला, पडला नाही. वॉचमन टोपी काढून हातात धरून उभा होता. रेषेवर ती करकचून थांबली. धूळ आमच्या अंगावरून पुढे गेली.

तिनं काचेतून डोकं बाहेर काढलं. चेहरा लाल, डोळ्यांत शनिवारी नव्हतं ते काहीतरी. "किती?"

मी हातातल्या मोबाइलकडे पाहिलं. सगळी शून्यं होती.

तोंडात तीन-चार आकडे आले. सांगून टाकला असता एखादा चांगला, तिला आवडेल असा. तिला कुठे कळणार होतं? मी एक पाऊल पुढे गेलो.

"दाबलंच नाही," मी म्हणालो. "बघत राहिलो."

तिनं माझ्याकडे बघितलं, वॉचमननं माझ्याकडे बघितलं. मग तिनं मागे जायचा गियर टाकला.

"गठ्ठा सरळ कर," ती म्हणाली. "परत."